बोटे सुजली, कातडी आवळली: फायब्रोब्लास्ट बिघडतो तेव्हा घरी काय मोजायचे, दवाखान्यात काय विचारायचे

पौषातल्या पहाटे लाईट आली म्हणून शेतात पाणी भरायला गेलेल्या माणसाची बोटे पांढरीफटक पडतात, मग निळसर होतात, शेकली की लालबुंद होऊन ठणकतात. धुळे-नंदुरबारच्या थंडीत हे अनेकांना होते आणि बहुतेकांच्या बाबतीत पुढे काहीही होत नाही. काहींना मात्र काही महिन्यांनी किंवा वर्षांनी बोटे सकाळी फुगल्यासारखी वाटू लागतात, अंगठी निघत नाही, मूठ पूर्ण वळत नाही. त्यानंतर कातडी ताणून बसवल्यासारखी चकचकीत आणि टणक होते. या आजाराला स्क्लेरोडर्मा म्हणतात. फुगण्यापासून टणक होण्यापर्यंतचा जो काळ असतो, त्यातच उपचाराला सगळ्यात जास्त वाव असतो. हा लेख तो काळ वाया जाऊ नये यासाठी आहे.

फायब्रोब्लास्ट ही पेशी करते काय

फायब्रोब्लास्ट ही शरीराचे सांधकाम करणारी पेशी. कातडीच्या खालच्या थरात, सांध्याच्या अस्तरात, फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्यांमधल्या पातळ भिंतीत, सगळीकडे ती असते आणि कोलॅजेनचे धागे विणते. जखम झाली की तिला टीजीएफ-बीटा नावाच्या प्रथिनाचा निरोप जातो. मग तिच्या आत स्नायूसारखे आकसणारे तंतू तयार होतात आणि ती मायोफायब्रोब्लास्ट बनते. भरत्या जखमेतल्या या पेशीचे वर्णन १९७१ मध्ये जुलिओ गाबियानी आणि सहकाऱ्यांनी केले. गोधडी शिवताना दोरा ओढला की कापड गोळा होते, तशी ही पेशी आजूबाजूची ऊती ओढून जखमेचे तोंड मिटवते. काम संपले की अशा बहुतेक पेशी आपोआप मरतात. म्हणून साधी जखम भरल्यावर फक्त व्रण उरतो.

स्क्लेरोडर्मात हा दोरा ओढणे थांबतच नाही. सुरुवात बहुधा बारीक रक्तवाहिन्यांच्या इजेतून आणि बिथरलेल्या प्रतिकारशक्तीतून होते. पुढे मात्र आजार स्वतःलाच खतपाणी घालतो. कोलॅजेन साचून ऊती टणक झाली की तो टणकपणाच फायब्रोब्लास्टला चेतवतो. पेशी ओढते, त्या ओढीने जाळ्यात दडलेला टीजीएफ-बीटा मोकळा होतो, तो पुन्हा पेशीला कामाला लावतो. सूज असताना औषधाला जो प्रतिसाद मिळतो तो टणकपणा आल्यावर मिळत नाही, त्यामागे हेच चक्र आहे. कातडी काही वर्षांनी थोडी मऊ पडू शकते. फुफ्फुसात पडलेला व्रण मात्र बहुधा मागे फिरत नाही, औषधांनी फक्त त्याचा वेग कमी होतो.

संधिवाताभ आमवातात, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, याच पेशीचे रूप वेगळे असते. निरोगी सांध्याचे अस्तर एक ते तीन पेशींच्या जाडीचे असते. आमवातात ते दहा किंवा त्याहून जास्त थरांचे होते आणि कूर्चेवर पसरते. तिथल्या फायब्रोब्लास्ट पेशी कूर्चा विरघळवणारी विकरे सोडतात आणि हाड पोखरणाऱ्या पेशींना जागे करतात. प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत मानवी कूर्चेशेजारी या पेशी ठेवल्या, तेव्हा त्या एकट्याच कूर्चेत घुसल्या, असे १९९६ च्या प्रयोगात दिसले. सूज उतरली की गोळ्या बंद करणाऱ्यांचा तोच सांधा पुन्हा का उठतो, हे यातून समजते. आजची बहुतेक औषधे प्रतिकारशक्तीला आवर घालतात. अस्तरातल्या या पेशीला थेट आवरणारे मान्यताप्राप्त औषध अजून बाजारात नाही. दुखणे थांबले तरी डॉक्टरांनी सांगेपर्यंत औषध चालूच ठेवायचे.

वही करा आणि मोजा

'हात जरा कडक झालेत' या वाक्यावर डॉक्टर फार काही ठरवू शकत नाहीत. आकड्यांवर ठरवू शकतात. एक साधी वही, एक मिलिमीटरची पट्टी, दंडाला पट्टा बांधायचे बीपीचे यंत्र, ऑक्सिमीटर आणि मोबाइलचा कॅमेरा एवढे पुरते. महिन्यातला एक दिवस ठरवा. वेळही एकच ठेवा, कारण सकाळी हात फुगलेले असतात आणि दुपारी सैल पडतात. वेळ बदलली तर आकडे जुळत नाहीत.

आधी नमस्कार करा. दोन्ही तळवे आणि बोटे एकमेकांना पूर्ण टेकतात का, मधून उजेड दिसतो का, ते पाहा आणि त्याच स्थितीत समोरून फोटो काढा. मग मूठ वळा. मधल्या बोटाचे टोक तळव्यावरच्या बोटांजवळच्या आडव्या रेषेला टेकत नसेल, तर राहिलेले अंतर मिलिमीटरमध्ये लिहा. नंतर हात पालथा टेबलावर ठेवून बोटे ताणा आणि अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत मोजा. दोन्ही हातांचे आकडे वेगवेगळे लिहा.

तोंड जितके उघडेल तितके उघडून वरच्या समोरच्या दातांच्या कडेपासून खालच्या दातांच्या कडेपर्यंत पट्टी लावा. मोठ्या माणसात साधारण ३५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त अंतर असते. त्यापेक्षा कमी भरले, किंवा दर महिन्याला दोन-तीन मिलिमीटरने घटत गेले, तर ते नोंदवून दाखवा.

कातडीची चिमूट घेऊन पाहा: बोटाच्या पेराच्या मागच्या बाजूला, हाताच्या पाठीवर आणि मनगट ते कोपर या भागात. डॉक्टर शरीरावरच्या १७ जागांना ० ते ३ असे गुण देतात, म्हणजे एकूण ५१. ० म्हणजे नेहमीची कातडी. १ मध्ये जाडसर लागते पण चिमटीत सहज येते. २ मध्ये चिमूट जेमतेम धरता येते, कातडी हलते मात्र. ३ मध्ये ती खाली चिकटून बसलेली असते. घरच्या माणसाने गुण देण्याच्या भानगडीत पडू नये, हा सरावाचा भाग आहे. 'मागच्या महिन्यात मनगटापर्यंत होते, आता कोपराच्या खालपर्यंत आले' एवढी नोंद पुरे आणि तीच फार मोलाची. कातडी कोपराच्या वर, दंडावर, छातीवर किंवा पोटावर जाड होऊ लागली तर तो आजाराचा पसरणारा प्रकार असतो. त्यात किडनीला धोका जास्त.

म्हणून बीपी. पसरणाऱ्या प्रकारात पहिली चार-पाच वर्षे आठवड्यातून किमान दोनदा, पाच मिनिटे शांत बसून मोजा. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० झाला, किंवा नेहमीपेक्षा वरचा ३० ने वा खालचा २० ने वाढला, तर अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. तरी तसाच राहिला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ज्याचे बीपी एरवी १०० असते त्याला १३० सुद्धा जास्तच, हे साध्या तपासणीत सुटून जाते. वही असेल तर सुटत नाही.

ऑक्सिमीटरच्या बाबतीत एक चूक फार होते. ज्याची बोटे थंड आणि निळी पडतात, त्याच्या बोटावर हे यंत्र खोटा, कमी आकडा दाखवते. घरचे घाबरतात, किंवा उलट सवय होऊन खरा कमी आकडाही मनावर घेत नाहीत. हात कोमट करा, मेंदी-नेलपॉलिश नसलेले बोट घ्या आणि आकडा स्थिर होईपर्यंत एक मिनिट थांबा. तरीही शंका असेल तर दवाखान्यात कानाच्या पाळीला किंवा कपाळाला लावायचे यंत्र आहे का ते विचारा. बसल्या जागेचा आकडा बहुतेकदा चांगलाच असतो. खरी गोष्ट चालल्यावर कळते. ओळखीच्या सपाट रस्त्यावर सहा मिनिटे आपल्या चालीने चाला आणि लगेच पाहा. चार किंवा जास्त अंकांची घसरण, किंवा ९० च्या खाली आकडा, हे डॉक्टरांना कळवायचे कारण आहे.

चार आजार, ज्यांच्याशी गल्लत होते

कुष्ठरोग. वाकडी बोटे आणि बोटांच्या टोकाच्या जखमा दोन्हीकडे दिसतात, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत कुष्ठरोगाची शंका आधी येते. फरक संवेदनेत आहे. कुष्ठरोगात त्या भागाला स्पर्श आणि वेदना कळत नाही. स्क्लेरोडर्मात संवेदना शाबूत असते आणि बोटाच्या टोकाची बारीकशी जखमही रात्रभर झोपू देत नाही.

गुटखा-सुपारीचा तोंडाचा फायब्रोसिस, म्हणजे कोलॅजेन साचून ऊती टणक होणे. हाही फायब्रोब्लास्टचाच आजार आहे. सुपारीतले अरेकोलिन या पेशीला चेतवते आणि सुपारीतल्या तांब्यामुळे कोलॅजेनचे धागे एकमेकांना जास्त घट्ट बांधले जातात. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये भारतात याचे वर्णन केले. तोंड उघडेनासे होते, गालाचे आतले अस्तर पांढरट आणि चिवट होते, आणि शेवभाजीचा पहिलाच घास आगीसारखा लागतो. बोटांची कातडी मात्र चांगली असते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली तरी सुपारी कुठेही मिळते, आणि सुपारी एकटीही हा आजार करते. यातून पुढे तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो, त्यामुळे दंतवैद्याकडे नियमित तपासणी हवीच.

टीबी. छातीच्या एक्स-रेवर डाग दिसला, कोरडा खोकला आहे, म्हणून पुन्हा पुन्हा टीबीचा कोर्स दिला जातो. टीबीचे जुने व्रण बहुधा फुफ्फुसाच्या वरच्या भागात असतात. स्क्लेरोडर्माचा फायब्रोसिस तळाकडून, दोन्ही बाजूंनी सुरू होतो. बेडका तपासून टीबी सापडत नसेल, खोकला कोरडा असेल आणि बोटे पांढरी पडत असतील, तर एचआरसीटीबद्दल, म्हणजे फुफ्फुसाच्या बारकाईने काढलेल्या सीटी स्कॅनबद्दल, विचारा.

मधुमेह. जुन्या मधुमेहातही नमस्कार नीट जुळत नाही आणि हातांची कातडी मेणचट होते, पण थंडीत बोटांचे रंग बदलत नाहीत. साखर तपासून घ्या.

धुळीबद्दलही बोलले पाहिजे. दगड कापणे, वाळूच्या फवाऱ्याने धातू घासणे, फाउंड्री या कामांतल्या सिलिका धुळीचा स्क्लेरोडर्माशी संबंध सिद्ध झालेला आहे. अशा ठिकाणी काम केले असेल तर किती वर्षे ते डॉक्टरांना सांगा. जळगावात पीव्हीसी पाइपचे काम करणारे अनेकदा घाबरून विचारतात. व्हिनाइल क्लोराइडमुळे होणारा स्क्लेरोडर्मासारखा आजार पीव्हीसीची पावडर तयार करणाऱ्या कारखान्यांत, टाक्या आतून खरवडणाऱ्या कामगारांत आढळला होता. तयार पाइप हाताळणाऱ्यांचा हा आजार नव्हे. पावसात भिजून बुरशी आलेल्या कडब्याची किंवा कुट्टीची धूळ मात्र खरोखर फुफ्फुसाला सूज आणते, आणि ती वर्षानुवर्षे चालू राहिली तर तिथेही फायब्रोसिस होतो. असा चारा हलवताना खोकला-ताप येत असेल तर ते काम दुसऱ्याकडे द्या.

दवाखान्यात

पहिल्या भेटीत त्वचारोगतज्ज्ञ किंवा मेडिसिनचे डॉक्टर पुरेसे आहेत. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्या रुंद किंवा तुटक झाल्या आहेत का, हे तेलाचा थेंब टाकून डर्मोस्कोपने, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने, पाहता येते. त्याला फार खर्च नाही, आणि साधा रेनॉड (थंडीत बोटांचे रंग बदलणे) की पुढे जाणारा आजार हे ठरवायला त्याची मोठी मदत होते.

रक्ताची एएनए चाचणी, म्हणजे स्वतःच्याच पेशींवर उठणाऱ्या प्रतिपिंडांची चाचणी, इम्युनोफ्लुओरेसन्स पद्धतीने करायला सांगा. नुसती एएनए पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार झाला असे नाही, निरोगी माणसांतही ती येते. त्यानंतर एससीएल-७०, सेंट्रोमिअर आणि आरएनए पॉलिमरेज-३ या प्रतिपिंडांची चाचणी. पहिले प्रतिपिंड सापडले तर फुफ्फुसावर जास्त लक्ष ठेवावे लागते, तिसरे सापडले तर किडनीवर. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार ९ गुण झाले की निदान ठरते, आणि दोन्ही हातांची कातडी बोटांच्या मुळापलीकडे जाड झाली असेल तर तेवढ्यानेच ९ गुण होतात. रिपोर्टची वाट पाहत बसू नका.

निदान झाले की दम लागत नसला तरी सुरुवातीलाच छातीचा एचआरसीटी, फुफ्फुसाची पूर्ण चाचणी आणि इकोकार्डिओग्राम करून घ्यावा. फुफ्फुसाच्या चाचणीत एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन जोराने फुंकलेली एकूण हवा) आणि डीएलसीओ (फुफ्फुसातून रक्तात वायू किती सहज जातो) हे दोन्ही आकडे हवेत. नुसती स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकण्याची चाचणी, अर्धे काम करते. तोंड लहान झालेल्या रुग्णाच्या ओठांच्या कडेने हवा निसटते आणि एफव्हीसी खोटा कमी येतो, म्हणून तंत्रज्ञाला आधी सांगा आणि गरज पडल्यास ओठ बोटांनी धरून फुंका. पुढच्या चाचण्या शक्यतो त्याच ठिकाणी करा. एफव्हीसी आधीच्या आकड्याच्या १० टक्क्यांनी घटला तर उपचार बदलण्याचा विचार होतो. दोन यंत्रांमधल्या फरकामुळेच ५ टक्के इकडेतिकडे झाले तर निर्णय चुकतो.

औषध घेताना नेमके काय चुकते

प्रतिकारशक्तीला आवर घालणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. ही गोळी रोज घेतल्याने रक्तपेशी घटून माणसे दगावली आहेत. गावाच्या आठवडे बाजाराचा दिवस ठरवा आणि पाकिटावर पेनाने मोठ्या अक्षरात तो वार लिहा. फॉलिक ॲसिड सहसा वेगळ्या दिवशी देतात. तोंडात फोड, ताप किंवा अंगावर निळे डाग दिसले तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना दाखवा. रक्त, लिव्हर आणि क्रिएटिनिनची तपासणी सुरुवातीला दोन ते चार आठवड्यांनी, मग साधारण तीन महिन्यांनी.

मायकोफेनोलेट (हेही प्रतिकारशक्ती आवरणारे औषध), मेथोट्रेक्सेट आणि निंटेडॅनिब ही तिन्ही गर्भाला घातक आहेत. मूल हवे असेल तर दिवस राहण्याच्या कितीतरी आधी डॉक्टरांशी बोलून औषध बदलावे लागते.

निंटेडॅनिब फायब्रोब्लास्टला चेतवणारे काही निरोप अडवते. स्क्लेरोडर्माच्या फुफ्फुसासाठी २०१९ मध्ये ते मान्य झाले. सहसा १५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जेवणाबरोबर, कॅप्सूल न फोडता. याने जुलाब होतात. वैशाखात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या आसपास असताना जुलाब म्हणजे किडनीवर थेट ताण. मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएस लगेच सुरू करा आणि दोन दिवसांत थांबले नाही तर डोस कमी करून घ्या. लिव्हरची तपासणी पहिले तीन महिने दर महिन्याला. फुफ्फुसाच्या ज्या फायब्रोसिसचे कारण सापडत नाही, त्यात पिरफेनिडोन देतात. त्याने उन्हात कातडी भाजते, त्यामुळे भर दुपारी शेतात जाणे टाळा. जावेच लागले तर पूर्ण बाह्या आणि रुमाल.

स्क्लेरोडर्मात सगळ्यात घातक गोष्ट कोणती, तर सांधेदुखीच्या नावाने मिळणारी बिननावाची पुडी. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असते, म्हणूनच दोन दिवसांत हात हलके वाटतात. प्रेडनिसोलोनचा रोजचा डोस १५ मिलिग्रॅमच्या वर गेला की पसरणाऱ्या स्क्लेरोडर्मात किडनीचा अचानक झटका येण्याचा धोका वाढतो. पुडी घेतली असेल तर लपवू नका. एकदम बंदही करू नका, महिनोन्‌महिने घेतलेले स्टिरॉइड अचानक तोडल्यानेही जीव धोक्यात येतो. उरलेली पुडी सोबत घेऊन जा आणि डॉक्टरांना दाखवा.

रोजचे जगणे

नुसते हातमोजे पुरत नाहीत. छाती-पोट गार पडले की मेंदू बोटांचे रक्त आधी तोडतो. बंडी, कानटोपी, लोकरी मोजे, मग हातमोजे. धुणीभांडी कोमट पाण्यात. पहाटेच्या पाळीचे पाणी भरणे शक्यतो दुसऱ्याने पाहावे. बोटे पांढरी पडली तर काखेत धरा किंवा कोमट पाण्यात बुडवा, पाण्याची ऊब दुसऱ्याने हात घालून पाहावी. चुलीवर शेकू नका, बधिर बोट भाजल्याचे कळत नाही. तंबाखू आणि मिसरी रक्तवाहिन्या आकसवतात, ती पूर्ण बंद. सर्दीच्या काही गोळ्याही तेच करतात, म्हणून औषध दुकानदाराला रेनॉड असल्याचे सांगा. घरातल्या म्हातारीला 'हात गार पडतस का?' असे तिच्या बोलीत विचारा. दवाखान्यात ती 'नाही' म्हणून मोकळी होते.

कापूस वेचताना बोंडाची सुकी टोके बोटांना टोचतात. निरोगी हाताचे त्यात काही बिघडत नाही, पण रक्त कमी पोचणाऱ्या बोटाच्या टोकाला टोचल्याची जखम महिनोन्‌महिने चिघळते. जाड कापडाच्या टोप्या शिवून बोटांना घाला, किंवा वेचणी सोडा. जखम काळी पडली किंवा पू आला तर वाट पाहू नका.

अन्ननलिकाही कडक होते आणि आम्ल वर येते. ते झोपेत फुफ्फुसात उतरले तर फायब्रोसिसला आणखी कारण मिळते. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून १५ ते २० सेंटीमीटर उंची द्या. दोन उशांनी पोट दुमडते, उपयोग होत नाही. रात्रीचे जेवण झोपण्याआधी तीन तास. कळण्याची कोरडी भाकरी घशात अडकत असेल तर वरणात कुस्करून खा. ठेचा आणि काळ्या मसाल्याचे झणझणीत कालवण कमी करावेच लागते. आम्लाची गोळी जेवणाआधी अर्धा तास.

व्यायाम आंघोळीनंतर, कातडी मऊ असताना. अंगावर ओलसरपणा असतानाच खोबरेल किंवा व्हॅसलिन लावा. मग एकेक बोट दुसऱ्या हाताने हलके सरळ करा, १० सेकंद धरा, सोडा. प्रत्येक बोटाला तीन ते दहा वेळा. तोंडासाठी जबडा पूर्ण उघडून ५ सेकंद, दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ; मग दोन्ही अंगठे गालांच्या कोपऱ्यांत घालून बाहेर ताणा. ताण जाणवावा, कातडी फाटू नये. झटका देऊन ओढणाऱ्या मालिशवाल्याकडे जाऊ नका. चिरलेली कातडी म्हणजे पुन्हा जखम, आणि जखम म्हणजे या पेशीला पुन्हा बोलावणे.

बीपी वाढून डोके दुखणे, अंधारी येणे, लघवी कमी होणे, अचानक दम लागणे, बोटाचे टोक काळे पडणे: यांपैकी काहीही झाले तर रात्र असली तरी निघा. किडनीच्या झटक्यावर एसीई इनहिबिटर गटाच्या गोळ्यांनी उपचार होतो आणि किडनी वाचू शकते, पण त्या वेळेत सुरू झाल्या तरच. आधीपासून घेऊन ठेवल्याने झटका टळत नाही. सोबत वही, सगळ्या गोळ्यांची पाकिटे आणि एचआरसीटीची सीडी न्या. नुसता छापील रिपोर्ट चालत नाही, कारण जुन्या आणि नव्या चित्रांची तुलना सीडीवरूनच होते. अपघात विभागात पोचल्यावर पहिले वाक्य हे सांगा: 'यांना स्क्लेरोडर्मा आहे आणि यांचे नेहमीचे बीपी इतके असते.'